भाच्याला खीर, बहिणीला हक्कसोड

भादव्यात चार दिवस उघडीप मिळाली की बदनापूरच्या शिवारात उडदाच्या शेंगा काळ्या पडतात. मूग त्याआधीच घरात आलेला असतो. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर पेरलेली ही पिकं सत्तर-पंचाहत्तर दिवसांत हाती येतात आणि त्याच सुमारास पितरांचा पंधरवडा लागतो. शास्त्रानं श्राद्धाला उडीद सांगितला आणि आपल्या रानानं तो वेळेवर दिला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं उडदाचा बीडीयू-१, मुगाचे बीएम २००२-१ आणि बीएम २००३-२, तुरीचा बीडीएन-७११ असे वाण दिले. मराठवाड्यात पितरांच्या पानावर पडणाऱ्या कितीतरी वड्यांचं बियाणं मुळात इथलं आहे. सोयाबीन आणि कपाशीनं मूग-उडदाचं रान खाल्लं, काढणीला पाऊस लागला तर शेंगेतच कोंब फुटतात, तरी पित्तरापुरता शेर-दोन शेर उडीद घरचा असावा म्हणून बांधाकडेला चार तासं पेरणारी माणसं या तालुक्यात अजून आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पान कसं असतं ते सांगायला नको. तांदळाची खीर, कढी, वडे, भजी, भोपळा, गवार, कारलं. एक घास विस्तवात, एक पान कावळ्याला, एक गाईला. हे सगळं जमिनीतून आलेलं आणि जमीन पितरांकडून आलेली. म्हणून या पंधरवड्यात जमिनीबद्दल बोललंच पाहिजे, आणि मला ते बदनापूर तालुक्यातल्या भावांशी बोलायचं आहे.

पित्तर म्हणून जेवायला कोणाला बसवता? कोणी ब्राह्मण सांगतो, कोणी भावकीतला म्हातारा बोलावतो, कोणी जावई. पण घरात बहिणीचा मुलगा आलेला असला तर त्याच्या पानाचा मान वेगळाच असतो. याला जुना आधार आहे. मनुस्मृतीनं श्राद्धात पवित्र म्हणून तीन गोष्टी सांगितल्या: तीळ, कुतप म्हणजे आसनाला घालायची लोकरी घोंगडी, आणि दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा. मुलाचा मुलगा नव्हे, पुतण्या नव्हे, मुलीचा मुलगा. पंधरवडा संपला की दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, आजेपाडवा येतो. त्या दिवशी मुलीच्या मुलानं आईच्या वडिलांना पाणी द्यायचं. मामा हयात असले तरी द्यायचं. म्हणजे पितरांना मुलीकडून आलेला घास चालतो इतकंच नाही, तर तो लागतोच. पोथी लिहिणाऱ्यांच्या मनात बाईबद्दल काय होतं ते मनुस्मृतीच्या इतर पानांवर भरपूर दिसतं आणि त्याचा मला संताप आहे. पण एवढी एक गोष्ट त्यांनाही टाळता आली नाही.

मग भावांनो, ज्या पोराच्या तोंडून तुमचा बाप जेवतो, त्या पोराची आई बापाच्या सातबाऱ्यावर का नाही?

दहाव्याचा घाट आठवा. दुधनेच्या काठी असो, शहागडला असो की पैठणला. पिंड मांडलेला असतो. कावळे झाडावर असतात, पण खाली उतरत नाहीत. ऊन चढतं. कोणीतरी म्हणतं, म्हाताऱ्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग एकेक जण पुढं येतो, हात जोडतो आणि सगळ्या गावासमोर शब्द देतो. आबा, आईला सांभाळतो. आबा, कर्ज फेडतो. धाकट्याचं लग्न करून देतो. आणि हमखास दिला जाणारा एक शब्द: आबा, ताईला अंतर देत नाही, तिचं माहेर तुटू देत नाही. ताई मागं बायकांत पदर तोंडाला लावून उभी असते. कावळा येतो, पिंडाला शिवतो, लोक सुटकेचा श्वास टाकतात. या क्षणाला कोणी अंधश्रद्धा म्हणो, मला त्यात माणसाचं मोठेपण दिसतं. मेलेल्याची राहिलेली इच्छा चारचौघांत विचारायची आणि ती आपल्या अंगावर घ्यायची, याहून चांगलं श्राद्ध मला ठाऊक नाही.

आणि नंतर? वर्षश्राद्धही झालेलं नसतं. एक दिवस ताईला फोन जातो. येऊन जा, एक सही आहे. जीप ठरलेली असते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. कागदाचं नाव हक्कसोडपत्र. कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीनं, भावांच्या लाभात. परत येताना तिला साडी घेऊन देतात. कधी हॉटेलात जेवण. राजीखुशीनं हा शब्द तिनं उच्चारलेला नसतो, तो कागद लिहिणाऱ्यानं आधीच छापून ठेवलेला असतो.

ती सही का करते, हे प्रत्येक भावाला ठाऊक आहे. सही केली नाही तर भाऊबीज बंद. पोरीच्या लग्नात मामा येणार नाही. नवऱ्याशी बिनसलं, सासरी जीव नकोसा झाला तर परत यायला दार उरणार नाही. आई त्याच घरात आहे, तिला भेटायचं कसं? ती सही देऊन माहेराचं दार उघडं ठेवते. एकरभर कोरडवाहू जमिनीची किंमत देऊन ती वर्षातून दोनदा येण्याचा हक्क विकत घेते. यात राजी काय आणि खुशी कुठली!

पारावर याचं उत्तर ठरलेलं आहे: पाणी मुलगा देतो, म्हणून जमीन मुलाची. हे उत्तर ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते आपल्या मुलखाचं नाही. पिंडदानाचा अधिकार ज्याचा, त्याचा वारसा, हा विचार बंगालकडच्या दायभाग या ग्रंथाचा. आपल्याकडे मिताक्षरा हा ग्रंथ चालला. तो लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीचा, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळातला. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि ते गाव एकाच हैदराबाद राज्यात होते. त्यानं सपिंड नातं ठरवताना भाताचा गोळा बाजूला ठेवला आणि शरीराचा अंश धरला. आईबापाच्या रक्तामांसाचा भाग ज्याच्यात, तो सपिंड. मुलगी त्यात आपोआप येते. जमिनीच्या वाटणीत त्यानंही तिला मुलाच्या बरोबरीनं बसवलं नाही, हे खरं. पण निदान पिंडाचं कारण पुढं करून बहिणीला दूर ठेवणाऱ्यांनी आपल्याच मुलखाच्या शास्त्रकाराचं नाव घेऊ नये.

जे शास्त्रानं केलं नाही ते कायद्यानं केलं. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात माणूस मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस झाले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. देशभराची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि तिनं लग्न झालेली-न झालेली हा भेद काढून टाकला. तरी वाद राहिला: बाप २००५ च्या आधी गेला असेल तर? ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तोही मिटवला. हक्क जन्माचा आहे, त्या तारखेला बाप जिवंत असण्याची अट नाही. आता कायद्याच्या बाजूनं काही अडत नाही. अडतं ते भावाच्या मनात.

लग्नात दिलं की, असं सांगतात. लग्नात दिलं ते नवऱ्याच्या घरी गेलं. मोटारसायकल त्याच्या नावावर, सोनं पहिल्या दुष्काळात मोडलं. आणि हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम वारशातून वजा करता येत नाही.

जमिनीचे तुकडे होतील, असंही सांगतात. तीन भावांत वाटताना तुकड्याची आठवण होत नाही. शिवाय सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे लगेच बांध पडत नाही. सामाईक खातं राहतं, कसणारा कसत राहतो. नाव लागल्यानं एवढंच होतं की विकताना, गहाण टाकताना, तडजोड करताना तिला विचारावं लागतं. खुपतं ते हे विचारणं.

एका तक्रारीत मात्र दम आहे आणि ती मी झटकणार नाही. भाऊ गावात राहिला. त्यानं २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी आणून मोसंबीची झाडं जगवली, बापाच्या आजारपणाचं कर्ज काढलं, आईची शुश्रूषा त्याच्या बायकोनं केली. बहीण शहरात, दोघं कमावते. तिला सारखा हिस्सा का? प्रश्न रास्त आहे. मग तो बहिणीसमोर मांडा. झाडांचा खर्च लिहा, दवाखान्याची बिलं ठेवा, कर्ज दाखवा, आणि हिस्सा धरून हिशेब करा. तिनं सगळं पाहून उदार मनानं सोडलं तर ते खरं सोडणं. भावजयीनं केलेली शुश्रूषाही त्या हिशेबात येऊ द्या, कारण तिचं नावही कुठल्याच कागदावर नाही. पण हिशेब न दाखवता, साडीवर बोळवून घेतलेली सही ही वाटणी नाही. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. जमिनीला मोबदल्याचा वास लागला की हक्कसोडाची घाई कशी वाढते, हे इथल्या लोकांना मी सांगायला नको.

आता नावांबद्दल. २०२३ पासून सगळ्या मराठवाड्यानं आपले पूर्वज शोधले. अंतरवाली सराटी याच जिल्ह्यातली, अंबड तालुक्यातली. तिथल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं उघडली. खासरा पाहणी, शाळेचे दाखले, जन्ममृत्यूची रजिस्टरं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला आणि त्याच आठवड्याच्या शेवटी पितरांचा पंधरवडा लागला. घराघरात वंशावळ लिहिली गेली. पणजोबा, खापरपणजोबा सापडले. कधी दप्तर न पाहिलेल्या माणसांनी मोडी वाचणाऱ्याच्या दारात तास काढले. पूर्वजांसाठी एवढी धडपड आपण गेल्या शंभर वर्षांत केली नसेल. तिच्या राजकारणात मी आज जात नाही. मला एवढंच विचारायचं आहे की, त्या वंशावळीत बाईचं एक तरी नाव आहे का? जातीचा पुरावा बापाच्या बाजूनं लागतो, म्हणून कागदावर पुरुषच आले. पण घरात तरी कोणी विचारलं का, त्या खापरपणजोबाची बायको कोण होती, कुठल्या गावची होती?

श्राद्धाच्या विधीला ही नावं लागतात. बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांना पिंड आहे, मग आईच्या माहेरचे तिघे आहेत. महालयात तर काका, मावशी, आत्या, बहीण, गुरू, मित्र असे सगळे येतात, आणि ज्यांना कोणीच नाही अशांनाही पाणी दिलं जातं. विधी मोठ्या मनाचा आहे. आपणच त्याला कोता केला. पणजीचं नाव विचारलं की यजमान भिंतीकडं बघतो. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायची सोय आहे, पण जिनं तुमच्या आजाला अंगावर पाजलं तिच्या नावाला सोय नसते. तिचं नाव लग्नात बदललं, म्हातारपणी ‘अमक्याची आई’ झालं, आणि कागदावर ती कधी आलीच नाही. सातबाऱ्यावर असती तर सापडली असती. जमिनीच्या दप्तरात पुरुष दीडशे वर्षं टिकतो आणि बाई दोन पिढ्यांत पुसली जाते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारनं बंधनकारक केलं. उशिरा झालं, पण झालं.

या पंधरवड्यातली नवमी मला सगळ्यात जास्त टोचते. अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा दिवस. सवाष्ण जेवायला, खणानारळानं ओटी, हिरव्या बांगड्या. आणि जी नवऱ्यामागं तीस वर्षं राबली, पोरं वाढवली, कर्ज फेडलं, तिला स्वतंत्र दिवस नाही. नवऱ्याच्या तिथीला तिचं पान. ती जिवंत असताना तर नवमीच्या पंगतीला ती नकोच. आधी मेली म्हणून बाईचा सन्मान करणारी ही रीत आपण मोडली पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ रोजी ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद केलं. राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांना तसंच करायला सांगितलं. बदनापूर तालुक्यातल्या ग्रामसभांनी नवमीच्या जेवणाला गावातल्या विधवांना बोलावण्याचा ठराव करावा. खर्च शून्य आहे.

असं काही केलं तर पितर कोपतील, असं सांगणारे भेटतील. पितृदोषाची भीती घालून शेतकऱ्याच्या खिशातून पैसा काढणं हा मोठा धंदा झाला आहे. पोरीचं लग्न जमत नाही, बोअर आटली, म्हैस गाभडली, लगेच दोष. मग गाडी करून विधी करायला जायचं, हजारो रुपये मोजायचे. या मंडळींना मराठवाड्यातल्याच माणसाची गोष्ट पुरेशी आहे. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांच्या घरी श्राद्ध होतं. गिरिजाबाईंनी स्वयंपाक केला होता. त्या वासानं भुकेले झालेले महार वाटेवरून जात होते, नाथांनी त्यांना पोटभर वाढलं. ब्राह्मण रागावले, जेवायला येईनात. महिपतीनं सांगितलेल्या कथेत मग नाथांचे पितर स्वतःच येऊन पानावर बसले. कथा आहे, पण ती आपल्या घराघरात चारशे वर्षं सांगितली जाते, कारण पितर कोणाच्या बाजूचे असतात हे तिच्यात सांगितलं आहे. ज्याला घास नाकारला गेला त्याला घास दिला म्हणून नाथांचे पितर रागावले नाहीत. मग लेकीला हिस्सा दिला म्हणून तुमचा बाप का रागावेल?

बायकांनी पिंड दिला तरी काही कोसळत नाही. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी कित्येक वर्षं स्त्रियांना पौरोहित्य शिकवते आहे, त्या श्राद्धही सांगतात आणि अर्थ मराठीत समजावतात. मुलींनी बापाला अग्नी दिल्याच्या बातम्या आता जालन्याच्या बाजूलाही नवीन राहिलेल्या नाहीत. बहिणीलाही पाणी देऊ द्या. मग ‘पाणी देतो त्याची जमीन’ हे वाक्य तुम्हीच जपून वापराल.

काम फार नाही. खातेदार गेला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. वारसाची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार पडतो. कितीतरी घरांनी ते वर्षानुवर्षं केलेलं नाही, आजाच अजून खातेदार आहे. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली, मेलेल्यांच्या जागी वारस लावा म्हणून. वारसांची यादी देताना शपथपत्र द्यावं लागतं. त्यात बहिणींची नावं गाळणं हे खोटं शपथपत्र आहे आणि खोट्या शपथपत्राला शिक्षा आहे. ज्यांनी नावं गाळली त्यांनी दुरुस्त करावीत. ज्यांच्याकडे आई आहे त्यांनी आईचं नाव आधी लावावं. विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलाच्या मागं उभी राहणारी आश्रित नाही.

फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात. पितरांचा पंधरवडाही तेवढाच. पुढच्या भादव्यात प्रतिपदेला अर्ज द्या, आई आणि सगळ्या बहिणींच्या नावानिशी. सर्वपित्रीपर्यंत मुदत संपत येईल. कोणा भावाला हरकत घ्यायचीच असेल तर जरूर घ्यावी. फक्त घाटावर कावळ्यासमोर ताईबद्दल जो शब्द दिला होता, तो त्यानं आधी मंडळ अधिकाऱ्यासमोर मोठ्यानं म्हणून दाखवावा.